धबधब्याच्या पायथ्याशीं

काळू नदीच्या धबधब्याखालीं जाण्यासाठीं मी आयुष्यांत तीन वेळां निघालों आणि एकदांच पोंचलों. श्रोतेहो, शाळामास्तराच्या हिशेबानें हे शेंकडा तेहतीस गुण झाले, आणि पस्तिसांखालीं आम्ही मुलाला वर चढवीत नसूं. तरीहि या विषयावर बोलण्याचें धाडस मी करीत आहें तें त्या दोन नापास प्रयत्नांच्या आधारावरच. माझा नातू यंदा कॉलेजांत गेला. त्यानें मला विचारलें, "आजोबा, काळूच्या पायथ्याला वाट कुठून आहे?" मीं म्हटलें, "वाट नाहीं." त्याला वाटलें, आजोबांना जाऊं द्यावयाचें नाहीं म्हणून हें उत्तर. वस्तुतः तें उत्तर अक्षरशः खरें होतें, आणि त्याला जें समजावून सांगावें लागलें तेंच आज आपल्यापुढें मांडीत आहें.

प्रथम स्थळाची ओळख करून देतों. कल्याणहून मुरबाडमार्गें नगरकडे जाणारा रस्ता माळशेज घाट चढतो. घाटाच्या पायथ्याशीं, ठाणें जिल्ह्यांत, सावर्णे, थितबी हीं गांवें आहेत. तेथें उभें राहून पूर्वेकडे पाहिलें म्हणजे सह्याद्रीची उभी भिंत समोर येते. हरिश्चंद्रगडाच्या परिसरांतील पठारावर उगम पावलेली काळू नदी या भिंतीवरून कोंकणांत उडी घेते आणि पुढें टिटवाळ्यावरून जाऊन उल्हास नदीला मिळते. धबधब्याची उंची सुमारें १,२०० फूट सांगतात. अर्थात् ती एका उडीची नसून अनेक टप्प्यांची मिळून आहे. जुन्नर तालुक्यांतील खिरेश्वर गांवाकडून पठारावरून चालत गेल्यास माथ्याशीं पोंचतां येतें, आणि पुष्कळ लोक तसे जातात. खालून जाण्याचा प्रकार निराळा.

रानांतील वाट ही कोणाच्या तरी गरजेनें पडलेली असते. लांकूडफाटा, गवत, गुरें, देवाची जत्रा, सोयरिकीचें गांव, यांपैकीं कांहीं तरी तिच्या दुसऱ्या टोंकाला असतेंच. धबधब्याखालीं खेडुताचें काय काम आहे? तेथें गवत नाहीं, शेत नाहीं, पलीकडे गांव नाहीं. पुढें फक्त कडा आहे. म्हणून शेवटच्या खाचरापर्यंत गुरांची वाट आपल्याला सोबत करते आणि तेथून मुकाट्यानें परत फिरते. त्यापुढें नदीचें पात्र हाच रस्ता. नातू म्हणाला, "पण आजोबा, फोनमध्यें कोणीतरी गेल्याची रेघ दिसते." ती रेघ खोटी नाहीं. परंतु ती एका माणसाच्या एका दिवसाची आहे. प्रत्येक पावसाळ्यांत नदी धोंडे हलविते, जुना डोह बुजविते आणि नवा खणते. शिवाय खोल घळींत दोन्ही बाजूंच्या कड्यांवर आपटून उपग्रहाचे संदेश फसतात आणि आपण पात्रांत असतांना फोन आपल्याला खुशाल कड्यावर उभें करतो.

ही घळ आणि हे धोंडे आले कोठून, तें समजल्यावांचून या प्रवासांतील धोका समजत नाहीं. आपला सह्याद्रि सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून बनला. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात, आणि तो शब्द स्वीडिश भाषेंतील जिन्याच्या शब्दावरून आला आहे. घाटाकडे लांबून पाहिलें तर तें नांव किती समर्पक आहे तें कळतें. या जिन्याच्या सर्व पायऱ्या मात्र सारख्या टणक नाहींत. कांहीं थर घट्ट, काळेभोर. कांहीं बारीक छिद्रांचे, त्या छिद्रांत पांढरे स्फटिक भरलेले. आणि दोन थरांच्या मधें कोठें कोठें तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा. पडणारें पाणी मऊ थर आधीं पोंखरतें. वरचा टणक थर छज्ज्यासारखा पुढें राहतो, आणि केव्हां तरी आपल्याच भारानें तुटून खालीं येतो. धबधबा उभाच्या उभा राहून हजारों वर्षें मागें मागें सरकत असतो, आणि त्याच्यापुढें जी चिंचोळी घळ उरते ती त्यानें मागें टाकलेली जागा होय. आपण ज्या धोंड्यांवरून उड्या मारीत जातों ते त्या तुटलेल्या छज्ज्यांचे तुकडे आहेत.

येथें एक मौज सांगावीशी वाटते. याच डोंगराळ भागांत, नाणेघाटाजवळ, कुकडी नदी उगम पावते. ती पूर्वेकडे वळते आणि घोड, भीमा, कृष्णा यांच्या संगतीनें बंगालच्या उपसागराला जाते. काळूचें पाणी जातें पश्चिमेला, अरबी समुद्राला. पूर्वेचा उतार मंद, म्हणून कुकडी सावकाश चालते. निघोजला तिनें गोटे फिरवून फिरवून कातळांत जे रांजणखळगे कोरले आहेत ते आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. पश्चिमेला उतार असा नाहींच, एकदम कडा आहे. त्यामुळें काळूच्या पाण्याला पठारावरून कोंकणांत यावयास फार वेळ लागत नाहीं. हें वाक्य कृपा करून ध्यानांत ठेवावें.

माझी पहिली खेप १९८३ सालच्या दिवाळीच्या सुटींतली. मी आणि एक मित्र, वाटाड्या घेतला नव्हता. तरुणपणीं वाटाड्या घेणें कमीपणाचें वाटतें. खाचरें संपलीं, आम्ही पात्रांत उतरलों आणि तासाभरानें एका संगमाशीं आलों. दोन्ही बाजूंनीं पाणी येत होतें आणि दोन्ही सारखेंच दिसत होतें. आम्हीं रुंद दिसणारी शाखा धरली. दोन तासांनीं ती एका कोरड्या कड्याखालीं, कारवीच्या दाट रानांत, संपली. धबधब्याचा आवाज येत होता, पण तो डाव्या बाजूच्या सोंडेपलीकडून. सोंड ओलांडूं म्हणून कारवींत शिरलों. डोक्याहून उंच अशा त्या काठ्यांत चार हातांपलीकडचें दिसेना, दिशा सुटली, आणि अंधार पडतां पडतां आम्ही जेथून शिरलों त्याच जागीं बाहेर पडलों. देवानें तेवढी दया केली.

त्या चुकीवरून दोन गोष्टी शिकलों. संगमाशीं शाखा निवडावयाची ती रुंदीवरून निवडूं नये. रुंदी ही उताराप्रमाणें व धोंड्यांप्रमाणें फसवी असते. दोन्ही प्रवाहांत कांठी उभी करून खोली पाहावी, वाहणारें पान सोडून वेग पाहावा, आणि विशेषतः पात्रांतील धोंडे पाहावे. ज्या शाखेंत खोल्यांएवढे धोंडे आहेत तिच्यांत मोठें पाणी येतें. दुसरी गोष्ट, प्रत्येक संगमाशीं थांबून मागें वळून पाहावें. जातांना पाहिलेली नदी आणि येतांना पाहिलेली नदी या दोन निरनिराळ्या नद्या असतात. जातांना दगडांची चळत रचून खूण करून ठेवली तर परततांना ती शेजाऱ्यासारखी भेटते. मात्र ती पाण्याच्या रेषेहून बरीच वर रचावी.

दुसरी खेप १९८९ च्या ऑगस्टांतली, आणि तिच्यासाठींच हें सारें भाषण आहे. यावेळीं आम्ही शाळेंतले चौघे शिक्षक होतों आणि थितबीच्या बाजूचा एक वृद्ध ठाकर वाटाड्या म्हणून बरोबर होता. आठ दिवस उघाड पडली होती. सकाळीं सातला निघालों. ऊन इतकें स्वच्छ होतें कीं आमच्यांतील एकानें डोक्यावर टॉवेल घेतला. अकराच्या सुमारास आम्ही पात्राच्या मधोमध, एका घरंगळलेल्या धोंड्यावर उभे होतों. धबधबा वळणाआड होता. त्याचा गार वारा अंगाला लागूं लागला होता. तेवढ्यांत म्हातारा थांबला. खालीं वांकून त्यानें पाण्यांतून मूठभर पाचोळा उचलला, बोटांनीं चोळला आणि टाकून दिला.

"गुरुजी, आतां पाण्यांत पाय नको. वर चला," तो म्हणाला.

माझे सहकारी हसले. आभाळांत ढग नव्हता. मी तर भूगोलाचा शिक्षक! मीं घड्याळ पाहून म्हटलें, "बाबा, अर्ध्या तासाचें काम उरलें आहे. एवढ्यासाठीं कशाला परतायचें?" त्यानें वाद घातला नाहीं. माझ्या खांद्यावरची दशम्यांची पिशवी काढून घेतली, आपल्या खांद्यावर टाकली आणि गांवाच्या बाजूचा कांठ चढूं लागला. सकाळपासून आमच्या पोटांत कांहीं नव्हतें. आम्ही त्याच्यामागें गेलों असें सांगणें खरें होणार नाहीं. आम्ही त्या पिशवीमागें गेलों.

पंचवीस-तीस फूट चढून एका कातळावर बसलों आणि दशमी सोडतों न सोडतों तोंच पाण्याचा रंग पालटला. आधीं तें ताकासारखें झालें, मग चहासारखें. मग आवाज आला. तो पाण्याचा आवाज नव्हता. पाण्याखालीं धोंडे एकमेकांवर आपटत होते त्याचा तो आवाज होता, आणि तो कानांपेक्षां बसल्या कातळांतून अधिक जाणवत होता. आम्ही ज्या धोंड्यावर उभे होतों तो माझ्याहून उंच होता. मीं घड्याळ हातांत धरलेंच होतें. अकरा मिनिटांत तो दिसेनासा झाला. आमच्या डोक्यावर त्या वेळींहि स्वच्छ ऊन होतें.

मी रात्रभर त्याचा हिशेब करीत होतों, तो आपणांस सांगतों. एक चौरस किलोमीटर पठारावर तासाभरांत एक इंच पाऊस पडला तर तें पाणी अडीच कोटी लिटर भरतें. ऑगस्टांत माती आधींच तृप्त झालेली असते, आणि कातळाला पाणी पिणें ठाऊकच नाहीं. म्हणजे यांतील फार मोठा भाग सरळ वाहून जातो. तासाभरांत वाहिला असें धरलें तर सेकंदाला सुमारें सात हजार लिटर होतात. हें एका चौरस किलोमीटरचें झालें. पठारावर आणखी कितीएक असे ओहोळ एकत्र होतात, आणि तें सगळें पाणी एका खोलीभर रुंदीच्या घळींतून बाहेर पडावयाचें असतें. पठारावरचा ढग आपल्याला खालून दिसत नाहीं, कारण मध्यें कडाच उभा असतो. आपण पाहतों तें कोंकणाचें आभाळ, आणि आपल्याकडे येतें तें घाटमाथ्याचें पाणी.

वेगाचें गणित त्याहून भयंकर आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा धक्का चौपट होतो, हें शाळेंत शिकवितात. पण तो प्रवाह जो जड धोंडा हलवूं शकतो त्याचें वजन दुपटीनें किंवा चौपटीनें वाढत नाहीं, चौसष्टपटीनें वाढतें. काल ज्या नदीला नारळाएवढा गोटा ढकलवत नव्हता ती आज चौसष्ट नारळांच्या वजनाचा धोंडा लोटीत नेते. मग गुडघाभर पाण्यांत उभ्या असलेल्या माणसाची काय कथा? गुडघाभर पाण्याला आपण हसतों, कारण आपण तें तळ्याचें समजतों.

३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलें होतीं. तीं माणसें प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभीं असल्याचें चित्र त्या आठवड्यांत घरोघर पाहिलें गेलें. पुष्कळांनीं तेव्हां त्यांच्या धाडसाला नांवें ठेविलीं. मला तसें करवलें नाहीं. पाणी वाढूं लागलें तेव्हां तीं पात्राच्या मध्यें होतीं, आणि मध्यापासून दोन्ही कांठ सारखेच दूर असतात. १९८९ सालीं मीहि मध्येंच उभा होतों, आणि माझी बाजू मांडण्यांत गुंतलों होतों.

त्या संध्याकाळीं मीं म्हाताऱ्याला विचारलें, "बाबा, तुम्हांला कळलें कसें?" तो म्हणाला, "पाचोळा बघा कीं गुरुजी. काल पाणी जिथं नव्हतं तिथला पाला आज पाण्यांत आला." मला तेव्हां फार शरम वाटली. पाणी चढतें म्हणजे आधीं काय होतें? वर कोठें तरी तें कांठावर पसरतें आणि तेथें पडून कुजलेला पाला उचलतें. तो पाला हलका, म्हणून लोंढ्याच्या पुढें धांवतो. एवढें साधें तर्कशास्त्र. पण मीं आभाळाकडे पाहिलें आणि त्यानें पाण्याकडे पाहिलें. पाचोळ्यामागून फेस येतो, फेसामागून गढूळपणा, आणि त्यामागून आवाज. आवाज आल्यावर हालचाल करूं म्हणणाऱ्यास बहुधा उशीर झालेला असतो.

त्यानें केलेली आणखी एक गोष्ट मला पुढें कित्येक महिन्यांनीं उमगली. तो जवळचा कांठ चढला नव्हता. जवळचा कांठ पलीकडचा होता; चार उड्यांत आम्ही तेथें पोंचलों असतों आणि लोंढ्यापासून वांचलोंहि असतों. पण मग रात्र तेथेंच काढावी लागली असती, कदाचित् दोन रात्री, आणि त्या उपासाला व थंडीला कंटाळून कोणी तरी पाण्यांत पाय घातलाच असता. म्हाताऱ्यानें दूरचा, पण गांवाकडचा कांठ धरला. तेथून आम्ही रानांतून, सोंडेच्या उतारावरून, त्याच्या कोयत्यानें कारवी तोडीत तोडीत रात्रीं आठ वाजतां वाडींत पोंचलों. तेव्हांपासून मीं नियम केला कीं जातांना नदी कितीदांहि ओलांडावी लागो, विसाव्याला बसावयाचें तें घरच्याच कांठावर.

आतां तिसऱ्या खेपेकडे वळतों. ती १९९० च्या नोव्हेंबरांतली, कार्तिक अर्धा संपलेला. वाटाड्या तोच. नदी आवरलेली, डोह हिरवेगार निवळलेले. अशा वेळीं लोंढ्याची भीति फारशी नसते, पण पायाखालची राहतेच. ओल्या कातळावरचें हिरवें शेवाळें दिसतें तरी. खरें घातकी तें काळें, कातळाच्याच रंगाचें, जें नुसतें ओल्यासारखें वाटतें. म्हातारा अनवाणी चालत होता आणि प्रत्येक धोंड्यावर भार टाकण्यापूर्वीं आंगठ्यानें तो चांचपून पाहत होता. मला बूट घातल्यानें ती सोय नव्हती, म्हणून मीं काठीनें ठोकून पाहण्याचा क्रम ठेविला. डुगडुगणारा धोंडा काठीला पोकळ उत्तर देतो. प्रवाह ओलांडावयाचा तो रुंद व उथळ जागीं, तोंड वरच्या दिशेस करून, काठी पुढें रोंवून, एका वेळीं एकच पाऊल हलवून. अरुंद जागा पाहून उडी मारण्याचा मोह होतो; तथापि अरुंद तेथें खोल, हें नदीचें जुनें खातें आहे.

वाटेंत त्यानें मला वरच्या फांद्यांकडे पाहावयास सांगितलें. कांठच्या जांभळीच्या खांदीला, आमच्या डोक्यावर दोन पुरुष उंच, वाळलें गवत आणि काटक्यांचा पुंजका अडकून राहिला होता. पांखराचें घरटें असावें असें मला वाटलें. ती गेल्या पावसाळ्यांतील पुराची रेघ होती. त्यानंतर मला घळींत सगळीकडे तीं घरटीं दिसूं लागलीं.

वळण ओलांडलें आणि धबधबा समोर आला. वर्णन करण्याचें कवींचें काम मी करीत नाहीं. दोन-तीन गोष्टी मात्र पाठ्यपुस्तकांत नसतात म्हणून सांगतों. पायथ्याशीं जितकें जवळ जावें तितका धबधबा लहान होत जातो. टप्प्याटप्प्यांचा असल्यामुळें खालचा टप्पा वरच्यांना झांकतो, आणि अगदीं डोहापाशीं उभें राहिल्यावर बाराशें फुटांपैकीं शेवटची उडी तेवढी वांट्याला येते. मीं बरोबर हाताएवढी काठी आणि दोरी नेली होती. काठी हातभर अंतरावर उभी धरून, धबधबा तिच्याएवढा दिसेपर्यंत मागें सरकावयाचें आणि तें अंतर मोजावयाचें, ही चौथीच्या मुलालाहि जमणारी युक्ति. पण ती मैदानावरची आहे. पावलें मोजतां मोजतां मी सहा वेळां धोंड्यांवरून घसरलों आणि सातव्यांदा आंकडाच विसरलों. म्हातारा हें सर्व गंभीरपणें पाहत होता.

शाळेच्या प्रयोगशाळेंतील उष्णतामापकहि खिशांत होता. जूल या इंग्रज शास्त्रज्ञाचें म्हणणें, पाणी उंचावरून पडलें कीं त्या पडण्याची शक्ति उष्णतेंत पालटते. सुमारें पावणेआठशें फुटांना फॅरनहाइटची एक अंश. १८४७ सालीं आल्प्सच्या प्रवासांत हे गृहस्थ, सोबत नवविवाहित पत्नी असतांना, धबधब्याचें तापमान मोजण्यासाठीं उष्णतामापक घेऊन हिंडत होते, अशी हकीकत लॉर्ड केल्विन यांनीं सांगून ठेविली आहे. तेथें पाणी तुषारांत फुटून गेल्यानें प्रयोग साधला नाहीं. काळूच्या पायथ्याशीं माझाहि साधला नाहीं. तुषार हवेंत उडतांना वाळतात आणि वाळतांना उष्णता चोरतात, म्हणून पारा चढण्याऐवजीं उतरला. पडणारें पाणी आपल्याबरोबर हवाहि ओढून खालीं आणतें, आणि ती डोहावर आपटून चारी बाजूंना फांकते. वळणाआडूनच जो गार वारा लागतो तो हाच.

त्या डोहांत मी उतरलों नाहीं. धार पडते तेथें पाण्यांत हवेचे बुडबुडे इतके मिसळलेले असतात कीं त्यावर माणूस नेहमीसारखा तरंगत नाहीं, आणि तळाशीं जाऊन वर येणारा प्रवाह त्याला पुनः धारेखालींच नेतो. शिवाय वरून पाण्याबरोबर गोटेहि येतात. म्हाताऱ्यानें मला धारेपासून दूर, एका बाजूला, जेथें जमिनीवर ताजे फुटलेले दगड नव्हते अशा जागीं बसविलें, आणि बिडी पेटविली नाहीं. कड्याच्या छज्ज्याखालीं तीन मोठीं काळीं पोळीं लोंबत होतीं. तें आग्यामोहोळ होतें. धुराचा वास त्यांना सहन होत नाहीं. कोठून तरी शीळ घालणाऱ्या कस्तुराची लांब, माणसासारखी शीळ ऐकूं येत होती.

मला तेथें इंद्रधनुष्य पाहावयाचें होतें. तें दिसण्यास सूर्य आपल्या पाठीशीं पाहिजे. कड्याचें तोंड पश्चिमेला, म्हणून सकाळीं तो सगळा सांवलींत असतो. दुपार बरीच उलटल्यावरच ऊन तुषारांवर तिरकें पडतें. आणि परत फिरावयाचें तें माध्यान्हीच्या आंत, हा तर नियम. मीं म्हाताऱ्याकडे पाहिलें. तो पिशवी उचलून उभा राहिला होता. काळूचें इंद्रधनुष्य मीं अद्याप पाहिलेलें नाहीं.

नातवाला मीं हें सर्व सांगितलें आणि सांगितल्यावर त्याला जाऊं दिलें. पावसाळ्यांत नव्हे, त्या दिवसांत सरकार अशा ठिकाणीं बंदी घालतें, आणि ती बंदी चुकवून जाणाऱ्याला मी वाट सांगत नाहीं. तो गेल्या कार्तिकांत गेला, वाडींतला एक जण वाटाड्या घेऊन. रात्रीं घरीं आल्यावर पायांतले बूट न काढतांच म्हणाला, "आजोबा, पोंचलों नाहीं. दुसऱ्या संगमापाशीं दहा वाजतांच पाण्यांत पाला दिसला, वाटाड्या म्हणाला वर परवां अवकाळी पाऊस झाला होता. फिरलों." मीं त्याला जेवावयास बसविलें. मार्गशीर्षांत तो पुन्हां जाणार आहे, आणि माझी काठी त्यानें मागून नेली आहे.